‘शिल्लक प्रायव्हेट का केलीस?’ – ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग नेमकं कशासाठी?

सायंतारा

नमस्कार मंडळी. मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. विषय ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, मुलांच्या तोंडी ‘ऊप्स’. म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधायची आणि अशा ‘ऑब्जेक्ट’मधून प्रोग्रॅम रचायचा. गेल्या आठवड्यात सेकंड इयरच्या ओरल्स झाल्या आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

एक मुलगा आला. जर्नल नीटनेटकं, तयारी पक्की. मी विचारायच्या आत चार पिलर म्हणून मोकळा झाला: एन्कॅप्सुलेशन (माहिती आणि तिची कामं एकत्र बांधून आतलं झाकणं), ॲब्स्ट्रॅक्शन (गरजेपुरतंच बाहेर दाखवणं), इन्हेरिटन्स (पायाचे गुण वारसाला मिळणं), पॉलिमॉर्फिझम (हुकूम एकच, पण प्रत्येकाचं वागणं आपापलं). प्रत्येकाची व्याख्या आणि प्रत्येकाचं उदाहरण तयार. ॲनिमल नावाचा क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचा साचा), त्यातून डॉग आणि कॅट, डॉग भुंकतो, कॅट म्याँव करते. चूक एकही नाही. मग त्याच्याच जर्नलमधला बँक अकाउंटचा प्रोग्रॅम उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे शिल्लक ‘प्रायव्हेट’ होती, म्हणजे क्लासबाहेरच्या कोडला तिला थेट हात लावता येत नव्हता.

“इथे शिल्लक प्रायव्हेट का केलीस?”

“सिक्युरिटीसाठी, मॅडम.”

“कोणापासून सिक्युरिटी?”

थोडा वेळ थांबून म्हणाला, “हॅकरपासून.”

त्या ओळीच्या लगेच खाली दोन फंक्शनं होती. एक शिल्लक वाचून देणारं (गेटर), दुसरं येईल तो आकडा शिल्लकेत भरणारं (सेटर). म्हणजे दाराला कुलूप लावलं आणि किल्ली त्याच कडीला अडकवून ठेवली. त्या दिवशी पुढच्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारला आणि जवळपास सगळ्यांकडून ‘सिक्युरिटी’ हेच उत्तर आलं. मुलांना बोल लावत नाही. हे उत्तर त्यांना नोट्समधून मिळालंय, आणि नोट्स आम्हीच देतो.

मला जे उत्तर हवं होतं ते असं. प्रायव्हेटचा चोराशी काही संबंध नाही. ते आहे शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमरसाठी, आणि सहा महिन्यांनी हाच कोड उघडणाऱ्या आपल्या स्वतःसाठी. शिल्लकेला हात लावायची जागा एकच असेल तर उद्या नियम बदलला की त्या एका जागी जायचं. जागा चाळीस असतील तर चाळीस शोधायच्या, आणि एकोणचाळीसच सापडणार. डेव्हिड पारनास यांनी १९७२ मध्ये हे लिहून ठेवलंय: प्रोग्रॅमचे तुकडे पाडताना कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका, जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते ओळखा आणि एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात लपवा. पन्नास वर्षं उलटून गेली, आणि आमच्या वर्गात अजून कुत्रा भुंकतोय.

जे रोज हे काम करतात त्यांनी सांगावं. या चार पिलरपैकी तुमच्या हाताला खरंच काय लागतं? पुढच्या सत्राला मला शिकवायची पद्धत बदलायची आहे.

---

कोरडीविहीर

ताई, माझी अगदी हीच ओरल झाली होती. नोकरीला लागून दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे प्रायव्हेटचा अर्थ कळला. वाचतोय, लिहा सगळ्यांनी.

---

पिग्मीवाला

सायंतारा मॅडम, तुमचं उदाहरण बँकेचं आहे म्हणून माझा अनुभव सांगतो. पुण्यात आहे. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी. कंपनीचं नाव देत नाही.

पाया म्हणून ‘खाते’ नावाचा क्लास होता. त्यात जमा, काढ, शिल्लक. त्यापासून बचत, आवर्ती, पिग्मी, मुदत ठेव असे सगळे वारस. कागदावर झाड फार सुंदर दिसायचं. मुदत ठेवीतून मुदतीआधी सरळ पैसे काढता येत नाहीत, म्हणून आमच्यातल्या एकाने त्या क्लासमध्ये ‘काढ’ नव्याने लिहून एरर फेकायची सोय केली. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं. त्याने नियम पाळला.

काही महिन्यांनी संस्थेने ठरवलं की प्रत्येक खातेदाराकडून एसएमएसचं शुल्क १५ रुपये घ्यायचं. रात्रीच्या डे-एंडमध्ये, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायच्या प्रक्रियेत, एक छोटा लूप टाकला: सगळी खाती घे, प्रत्येकाला सांग ‘काढ १५’. लिहिणाऱ्याने ‘खाते’ क्लास वाचला होता, त्यात ‘काढ’ होतं, विषय संपला. टेस्टिंगच्या डेटात मुदत ठेवी नव्हत्या.

रात्री लूप पळाला. पहिली मुदत ठेव आली, एरर फेकली गेली, प्रक्रिया मध्येच बंद पडली. तोवर बऱ्याच खात्यांतून पैसे कापले गेले होते. ड्यूटीवरच्या माणसाने नेहमीप्रमाणे डे-एंड पुन्हा सुरू केली. पहिल्या खात्यापासून. म्हणजे त्याच लोकांचे आणखी १५ गेले. अशी ती एकूण तीनदा चालली. सकाळी काउंटरवर पासबुकं घेऊन माणसं उभी. त्यात भाजी विकणाऱ्या बायका होत्या, रोज थोडे थोडे पैसे पिग्मीत टाकणाऱ्या. पासबुकात ४५ रुपये कमी. त्यांच्याशी बोलायला मला पाठवलं होतं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

पैसे दुपारपर्यंत परत टाकले. पण चूक कुठे होती? मुदत ठेव लिहिणाऱ्याची नाही, लूप लिहिणाऱ्याचीही नाही. चूक त्या झाडाची. ‘खाते’ म्हणतंय की माझ्यातून पैसे निघतात, आणि त्याचा वारस म्हणतोय की निघत नाहीत. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये हेच मांडलं होतं: पायाच्या प्रकाराच्या जागी वारस ठेवला तर वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला फरक जाणवता कामा नये. नाहीतर तो वारस नुसता नावाचा. बाईंना पुढे २००८ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वांत मानाचा, मिळाला.

आम्ही झाड तोडलं. ‘काढता येण्याजोगं’ असा वेगळा इंटरफेस केला, म्हणजे काय काय मागता येईल याची नुसती यादी. बचत खातं तो पाळतं, मुदत ठेव पाळत नाही. त्यानंतर कुणी मुदत ठेवीला ‘काढ’ म्हटलं तर कंपायलरच (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) दुपारी अडवतो, रात्री दोनला फोन येत नाही. आणि शुल्काची नोंद तारखेसकट ठेवायला लागलो, म्हणजे प्रक्रिया कितीही वेळा चालवा, कापायचे ते एकदाच.

चारातलं रोज हाताला काय लागतं विचाराल तर माझं उत्तर: लपवणं आणि इंटरफेस. क्लासचं इन्हेरिटन्स मी आता वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच लिहीत असेन.

---

सायंतारा

पिग्मीवाला, तुमच्या परवानगीने हे वर्गात सांगणार आहे. पासबुकासकट.

---

पिग्मीवाला

जरूर सांगा.

---

उत्तररात्र

मी ऑस्लोत राहते, त्यामुळे या विषयाशी माझं थोडं घरचं नातं आहे. विद्यापीठाचा इन्फॉर्मॅटिक्स विभाग ज्या इमारतीत आहे तिचं नाव ओले-योहान डाल हाउस, आणि जवळच्या जुन्या इमारतीचं नाव क्रिस्टेन न्यूगार्ड हाउस. आतल्या खोल्यांना प्रोग्रॅमिंग भाषांची नावं आहेत. सिम्युला नावाचं सभागृह आहे, या दोघांनी घडवलेल्या भाषेच्या नावाचं.

क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना या दोघांची. दोघं नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये होते. न्यूगार्ड यांचा पिंड ऑपरेशन्स रिसर्चचा, म्हणजे मोजक्या साधनांत काम कसं भागवायचं त्याच्या गणिताचा. त्यांना प्रश्न पडलेले ते रांगांचे: बंदरात जहाजं येतात, धक्के मोजके, क्रेन मोजक्या, तर कोण किती खोळंबेल? पोस्टाच्या खिडकीवर माणसं किती वेळ उभी राहतील? याचं गणित सूत्राने सुटत नाही, म्हणून सगळा देखावाच संगणकात उभा करायचा. प्रत्येक जहाजाला स्वतःची माहिती आणि स्वतःचा दिनक्रम. जहाज आलं, रांगेत लागलं, माल उतरवला, निघालं. सिम्युलाची पहिली आवृत्ती १९६५ च्या सुरुवातीला चालू झाली.

मग अडचण आली, आणि मला वाटतं मॅडमना वर्गासाठी हीच उपयोगी पडेल. जहाज रांगेत लागतं, ट्रक रांगेत लागतो, गिऱ्हाईकही रांगेत लागतं. रांगेत लागण्याचा तो भाग प्रत्येक वेळी पुन्हा लिहायचा का? त्यातून सबक्लास जन्माला आला. सामाईक तेवढं एकदा लिहायचं आणि बाकीच्यांच्या आधी जोडायचं. मे १९६७ मध्ये इथल्याच एका परिषदेत दोघांनी ते मांडलं, आणि ती भाषा सिम्युला ६७ म्हणून ओळखली गेली. म्हणजे इन्हेरिटन्स आलं ते रांगेच्या गरजेतून. प्राण्यांच्या वंशावळीशी त्याचा काही संबंध नव्हता.

इथे एक गोष्ट आवडीने सांगतात. सेंटरमध्ये नव्याने लागलेली एक बाई घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे गेली, म्हणाली, फळ्यापाशी दोन माणसं जोरजोरात भांडताहेत, काय करू? ऑपरेटरने कान दिला आणि म्हणाली, काळजी नको, डाल आणि न्यूगार्ड आहेत, सिम्युलावर बोलताहेत.

न्यूगार्ड पुढे कामगार संघटनांबरोबर राबले. कारखान्यात संगणक येणार तर त्यावर काम करणाऱ्याला आधी विचारलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेने युरोपीय संघाला नकार दिला, त्या नकाराच्या मोहिमेचे ते अध्यक्ष होते. दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ च्या उन्हाळ्यात दोघंही गेले, काही आठवड्यांच्या अंतराने.

---

कोरडीविहीर

हे काहीच माहीत नव्हतं! आम्हाला इतिहास शिकवला तो सी++ या भाषेपासून. जणू त्याआधी काही नव्हतंच.

---

उत्तररात्र

सी++ चं मूळही सिम्युलातच आहे. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरत होते. प्रोग्रॅम रचायला भाषा फार आवडली, पण प्रोग्रॅम इतका हळू चालायचा की शेवटी सगळा बीसीपीएल या दुसऱ्या भाषेत उतरवावा लागला. बेल लॅब्समध्ये आल्यावर १९७९ ला त्यांनी सी या भाषेत क्लास बसवायला घेतले. सी चा वेग आणि सिम्युलाची रचना, दोन्ही हवं होतं. १९८३ ला सी++ हे नाव पडलं, १९८५ ला भाषा बाजारात आली.

---

अर्धाचहा

मी सेकंड इयरलाच आहे, दुसऱ्या कॉलेजात. एक शंका आहे. आम्हाला शिकवलंय की ‘हा तो आहे’ असं म्हणता आलं की इन्हेरिटन्स वापरायचं. कार हे वाहन आहे, म्हणून कार वाहनाचा वारस. मुदत ठेव हेही खातंच आहे ना? मग पिग्मीवाला सरांचं चुकलं कुठे?

---

पिग्मीवाला

प्रश्न अगदी नेमका आहे. बोलताना ‘आहे’ म्हणतो आणि कोडमध्ये ‘आहे’ म्हणतो, त्यात फरक आहे. बोलताना मुदत ठेव हे खातंच. कोडमध्ये विचारायचं ते असं: खात्याकडून जे जे मागता येतं ते सगळं मुदत ठेव निमूट करेल का? एका ठिकाणी जरी ‘नाही’ आलं तरी वारस करायचा नाही.

जावा भाषेच्या स्वतःच्या घरातलं उदाहरण बघ. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून स्टॅक नावाचा क्लास आहे. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. वरून ठेवायचं, वरूनच काढायचं. पण लिहिणाऱ्यांनी तो व्हेक्टरचा वारस केला, आणि व्हेक्टरमध्ये कुठल्याही क्रमांकावर वस्तू घुसवता येते, कुठलीही मधूनच उचलता येते. त्यामुळे जावाचा स्टॅक तुला चळतीच्या मधोमध ताट सरकवू देतो. आतला साठा व्हेक्टरमध्ये ठेवायचा होता, इतकंच. त्यासाठी स्टॅकच्या पोटात एक व्हेक्टर लपवला असता तर पुरलं असतं. आता बदलता येत नाही, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्यावर उभे आहेत. जावाची अधिकृत माहितीच सांगते की याच्याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी भरता-काढता येणारी रांग) वापरा.

आज संध्याकाळी करून बघ. तीन आकडे टाक, मग शून्याव्या जागी चौथा घुसव. एरर येत नाही.

---

अर्धाचहा

केलं. खरंच येत नाही. 😮

---

गिअरबॉक्स

चाकणला एम्बेडेडमध्ये आहे, म्हणजे गाड्यांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांवर, कंट्रोलरवर काम. आमच्याकडे सगळं सी. क्लास नाही, ऑब्जेक्ट हा शब्द नाही. पण वाचताना जाणवलं की ही गोष्ट आम्हीही रोजच करतो.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा घ्या, तोही मुख्यतः सी मध्येच लिहिलेला. त्यात फाइल ऑपरेशन्स नावाचं एक स्ट्रक्चर, म्हणजे रकान्यांचा संच आहे. आत नुसते फंक्शन पॉइंटर, म्हणजे कुठलं फंक्शन चालवायचं त्याचे पत्ते: उघडायचं कसं, वाचायचं कसं, लिहायचं कसं, सोडायचं कसं. ज्याने ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा कोड) लिहिला त्याने आपापली फंक्शनं त्या रकान्यांत भरायची. वरून प्रोग्रॅम म्हणतो ‘वाच’. खाली डिस्कवरची फाइल आहे, सिरियल पोर्ट आहे की दोन प्रोग्रॅमना जोडणारा पाइप आहे, त्याला ठाऊक नाही आणि गरजही नाही. कर्नल त्या रकान्यात बघतो आणि लिहिलेल्या पत्त्यावर जातो. हे पॉलिमॉर्फिझमच झालं. सी++ चे कंपायलर व्हर्च्युअल फंक्शनसाठी (वारसाला आपल्या पद्धतीने लिहिता येणाऱ्या फंक्शनसाठी) असाच तक्ता पडद्यामागे बनवतात.

मुलांना एकदा हा तक्ता सी मध्ये हाताने भरायला लावा, मॅडम. मग व्हर्च्युअल शब्दातली जादू जाते आणि समज येते.

---

नळजोडणी

मी थोडा विरोधी सूर लावतो. ठाण्यात डेटाचं काम करतो. एकीकडून फाइल येते, साफ करायची, जोडायची, पुढे ढकलायची. यात ऑब्जेक्ट कुठे? आधीच्या टीमने सगळं क्लासमध्ये कोंबलं होतं. मॅनेजर, हेल्पर, प्रोसेसर, फॅक्टरी. एका फाइलमधली तारीख बदलायला सहा क्लास उघडायचो. मी ते काढून साधी फंक्शनं लिहिली. माहिती आत, माहिती बाहेर, मध्ये काही साठवायचं नाही. टेस्ट लिहिणंही सोपं झालं.

भाषाही तिकडेच वळताहेत. २००९ ला गो आली, तिच्यात क्लास नाहीत, वारसा नाही. मेथड (माहितीच्या प्रकाराला जोडलेली फंक्शनं) आणि इंटरफेस तेवढे आहेत. रस्टची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची, तिथेही क्लासचा वारसा नाही. खुद्द जावाने २०१४ ला लॅम्डा (नाव नसलेली छोटी फंक्शनं) घेतले आणि २०२१ ला रेकॉर्ड, म्हणजे न बदलणारी नुसती माहिती. मुलांना ‘सगळं जग ऑब्जेक्ट आहे’ असं शिकवू नका एवढीच विनंती.

---

सायंतारा

नळजोडणी, तुमचं म्हणणं पटतं. विरोध वाटत नाही. गो ने वारसा सोडला पण इंटरफेस ठेवला. रस्टने स्ट्रक्चरचे रकाने मॉड्यूलच्या बाहेर आपोआप झाकलेले ठेवले. म्हणजे काय गाळलं आणि काय टिकलं, ते बघा. पिग्मीवाला दोन गोष्टी रोज लागतात म्हणाले, त्याच दोन टिकल्या.

---

निरोप्या

एक नाव राहून गेलंय. ॲलन के. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्द त्यांचा. गणिताबरोबर मॉलिक्युलर बायॉलॉजी शिकलेला माणूस, त्यामुळे डोळ्यांसमोर पेशी होत्या. प्रत्येक पेशी स्वतःपुरती पूर्ण, आतलं आत, बाहेर फक्त निरोपांची देवाणघेवाण. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात त्यांनी, डॅन इंगल्स आणि ॲडेल गोल्डबर्ग यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली.

मी हौसेने ती शिकलो. त्यातली एक गोष्ट दाखवतो. स्मॉलटॉकमध्ये ‘३ + ४’ लिहिलं तर त्याचा अर्थ असा की ३ या ऑब्जेक्टला ‘+’ असा निरोप गेला, सोबत ४. उत्तर काय द्यायचं ते ३ ठरवणार. पुढे ऐका. या भाषेत ‘जर-तर’ असा खास शब्दच नाही. ‘खरं’ हा एक ऑब्जेक्ट, ‘खोटं’ हा दुसरा. दोघांनाही एकच निरोप जातो: हे दोन तुकडे घे, खरं असशील तर पहिला चालव, नसशील तर दुसरा. ‘खरं’च्या क्लासमध्ये लिहिलंय पहिला चालव. ‘खोटं’च्या क्लासमध्ये लिहिलंय दुसरा चालव. कुठेही तपासणी नाही. ज्याला निरोप गेला त्याला आपलं काम माहीत आहे.

हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी झोपलो नव्हतो. १९९८ मध्ये के यांनी एका ईमेलमध्ये लिहिलं की ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द रूढ केल्याचं त्यांना वाईट वाटतं, कारण लोक वस्तूकडेच बघत बसले. मोठी कल्पना होती ती निरोपाची. मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याचं ते सेटर याच कसोटीवर लावा. ‘शिल्लक ५०० कर’ म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात हात घालणं झालं. ‘५०० काढ’ हा निरोप. द्यायचे की नाही ते खातं ठरवेल.

---

सायंतारा

निरोप्या, कपाट आणि निरोप हे शब्द मी वर्गात वापरणार.

मग प्रॅक्टिकल असं ठरवतेय, बघा जमतंय का. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने बँकेचा प्रोग्रॅम हवा तसा लिहायचा, मी काही सांगणार नाही. दुसऱ्या आठवड्यात मी नियम बदलणार: शिल्लक ५०० च्या खाली जाता कामा नये. तिसऱ्या आठवड्यात पोटातली रचनाच बदलायची: शिल्लक रुपयांत दशांश चिन्हासह न ठेवता पैशांत, पूर्ण आकड्यात ठेवायची. कारण संगणकाच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे ठेवायच्या पद्धतीत) ०.१ आणि ०.२ मिळवले तर बरोब्बर ०.३ येत नाहीत, आणि हिशेबात ते चालत नाही. प्रत्येक वेळी एकच गोष्ट जर्नलमध्ये लिहायची: किती ठिकाणी हात लावावा लागला. चार पिलरच्या व्याख्या सगळ्यात शेवटी, आणि प्राणी अजिबात नाहीत.

---

पिग्मीवाला

चौथ्या आठवड्याला मुदत ठेव द्या. आणि एसएमएसचे १५ रुपये.

---

गिअरबॉक्स

पाचव्याला तो सी मधला तक्ता. हवं असेल तर छोटं उदाहरण लिहून देतो, कर्नल नको, दोन पानांत बसेल असं.

---

सायंतारा

नक्की द्या, वाट बघते.

---

अर्धाचहा

मॅडम, मी थांबलो नाही. काल रात्री माझ्याच जर्नलमधल्या प्रोग्रॅमवर तुमचा तिसऱ्या आठवड्याचा बदल करून बघितला. शिल्लक प्रायव्हेट होती, पण गेटर-सेटर दोन्ही होते आणि मी ते सगळीकडे वापरले होते. एकूण अकरा जागा निघाल्या. दहा बदलल्या. प्रोग्रॅम चालला, एरर काही नाही. मग पावती छापली तर ५०० रुपयांऐवजी ५०,००० आले. पावतीच्या फंक्शनमध्ये एक गेटर राहिला होता.

---

सायंतारा

ती पावती आणि त्या अकरा जागांची यादी मला पाठवशील? पहिल्या तासाला फळ्यावर तीच लावते.